गुदाशयातली ६ मिमीची न्यूरोएंडोक्राइन गाठ : काढली, पण खालची कड बाधित. पुढे काय करावं?

रानजाई (पुणे)

नमस्कार मंडळी. जरा घाबरलेल्या मनाने लिहितेय, सांभाळून घ्या.

माझा नवरा ५२ वर्षांचा. मूळव्याधीचा त्रास जुना. रक्त जास्त जायला लागलं म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी करायला सांगितली. मूळव्याध दिसलीच, पण गुदद्वारापासून ६ सेमी वर एक छोटी पिवळसर गाठही दिसली. ६ मिमीची. पॉलिप समजून त्यांनी ती तिथल्या तिथे तारेच्या फासाने काढली आणि तपासायला पाठवली.

रिपोर्टमध्ये असं आहे : वेल डिफरन्शिएटेड न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १. केआय-६७ एक टक्का. रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरकाव नाही. खोलवरची कड बाधित.

ज्यांनी गाठ काढली ते डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, निघाली, सहा महिन्यांनी या. ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला तर ते म्हणाले, हा कॅन्सरचाच प्रकार, लगेच पेट स्कॅन करा. त्यांच्या सांगण्यावरून रक्तातलं क्रोमोग्रॅनिन ए (अशा गाठी रक्तात सोडतात ते प्रथिन) तपासलं, ते दुपटीहून जास्त आलंय. सासूबाईंनी 'न्यूरोएंडोक्राइन' ऐकलं आणि त्यांना इरफान खान आठवला. त्या दिवसापासून त्या नीट जेवलेल्या नाहीत.

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. ही गाठ साधी की कॅन्सर? कड बाधित म्हणजे आत काही राहिलंय का? आणि क्रोमोग्रॅनिन वाढलंय म्हणजे कुठे पसरलंय का?

तळजाई

रानजाई, धीर धर. एकच विचारते, भाऊजी ॲसिडिटीची गोळी घेतात का? पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे?

रानजाई

हो, रोज सकाळी उपाशीपोटी. तीन-चार वर्षं तरी झाली असतील.

सह्यकडा

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. तळजाईंनी नेमकं विचारलं. या गोळ्यांनी पोटातलं आम्ल कमी होतं, ते भरून काढायला गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि त्याच्यामागोमाग क्रोमोग्रॅनिन चढतं. दुप्पट-तिप्पट सहज होतं. मूत्रपिंड मंदावलं असेल तरी होतं. त्या आकड्यावरून 'पसरलंय' असं कोणीही म्हणू नये. शिवाय गुदाशयातल्या गाठी क्रोमोग्रॅनिन ए फारसं बनवतच नाहीत, त्यामुळे इथे ही तपासणी चांगली बातमीही देत नाही आणि वाईटही देत नाही. गोळी दोन आठवडे थांबवून पुन्हा तपासा असं कोणी सांगेल, पण ६ मिमीच्या गाठीसाठी ती पुन्हा करण्याचीच गरज नाही.

बाकीचं सविस्तर रात्री लिहितो, ओपीडी चालू आहे.

एडिसनकर (न्यू जर्सी)

इकडचा एक अनुभव. माझ्या मोठ्या भावाची अशीच गाठ निघाली, ४ मिमी, गुदाशयातच. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर 'एनईटी (म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर) ग्रेड १', आणि इन्शुरन्सच्या कागदावर कोड डी३ए.०२६, म्हणजे गुदाशयाचा बिनाइन (साधा) कार्सिनॉइड; कार्सिनॉइड हे या गाठीचं जुनं नाव. पुढच्या भेटीच्या बिलावर सी७ए.०२६, म्हणजे मॅलिग्नंट (कर्करोगी)! गाठ तीच, माणूस तोच. वहिनी रात्रभर रडली. शेवटी कळलं की डॉक्टरांच्या नोंदीत जे शब्द असतील त्यावरून बिलिंगचा माणूस कोड निवडतो आणि आजाराला दोन्ही घरं उपलब्ध आहेत. ही डी३ए मालिका आयसीडी-१० च्या (आजारांच्या कोडांच्या यादीच्या) अमेरिकी आवृत्तीत आहे, जी इकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये ती नाही. तेव्हा इकडच्या नातेवाइकांचे कागद आणि तिकडचे कागद ताडून बघू नका.

स्लाइडवाला

रानजाई ताई, मी पॅथॉलॉजिस्ट. तुमचे दोन डॉक्टर परस्परविरोधी बोलताहेत असं वाटतंय, पण दोघांच्याही बोलण्याला आधार आहे.

आतड्याच्या अस्तरात संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्या वाढल्या की ही गाठ होते. म्युनिकच्या झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये लहान आतड्यातल्या अशा गाठींचं वर्णन केलं. दिसायला कर्करोगासारख्या, वागायला गरीब, म्हणून त्यांना कार्सिनॉइड म्हटलं. पुढे १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की यांतल्या काही पसरतात. (नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये या माणसाला जर्मनी सोडावी लागली. इस्तंबूल विद्यापीठात त्यांनी पॅथॉलॉजीचा विभाग सांभाळला आणि १९४४ मध्ये तिथेच वारले. आमच्या विषयातल्या फार मोठ्या माणसांपैकी एक, म्हणून राहवलं नाही.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० आणि २०१९ च्या वर्गीकरणांत तर 'निरुपद्रवी' हा कप्पाच उरलेला नाही. प्रत्येक एनईटी पसरण्याची क्षमता बाळगून आहे असं धरायचं आणि मग ती क्षमता किती हे मोजायचं, अशी आजची रीत आहे. त्यामुळे 'साधी की कॅन्सर' याचं एका शब्दात उत्तर तुम्हाला कोणताही प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट देणार नाही. पण क्षमता किती, हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, आणि तुमच्या यजमानांच्या बाबतीत ती फार कमी आहे.

आकारापासून सुरुवात करू. गुदाशयातली गाठ १ सेमीच्या आत असेल तर ती लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे लिम्फ नोडपर्यंत किंवा पुढे गेलेली असण्याची शक्यता साधारण ३ टक्के किंवा त्याहून कमी धरतात. १ ते २ सेमीला हीच शक्यता १० ते १५ टक्क्यांवर जाते. २ सेमीच्या वर ६० ते ८० टक्के. बघा, दोन सेंटिमीटरच्या अंतरात केवढा फरक पडतो.

मग ग्रेड. केआय-६७ म्हणजे शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत. ३ टक्क्यांच्या खाली ग्रेड १, २० पर्यंत ग्रेड २, त्याच्या वर ग्रेड ३. हे अंदाजाने लिहायचं नसतं. जिथे रंग सर्वांत दाट तिथल्या किमान ५०० पेशी मोजायच्या असतात. एनईसी (न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा) म्हणून जो आजार असतो, ज्यात पेशींची घडणच बिघडलेली असते, तो वेगळाच. त्याला केमोथेरपी लागते. तुमच्या रिपोर्टमध्ये 'वेल डिफरन्शिएटेड' आहे म्हणजे तो नाही.

आता कडेबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. तारेतून वीज जाते तेव्हा कापलेल्या जागेचा एक पट्टा भाजून निघतो. त्या भाजलेल्या पट्ट्यापर्यंत गाठीच्या पेशी दिसल्या तर कोणी 'कड बाधित' लिहितो, कोणी 'कडेबद्दल सांगता येत नाही' लिहितो. या दोन वाक्यांवरून पुढचे निर्णय बदलतात. म्हणून लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, रुग्ण म्हणून ते तुम्हाला मिळतात, आणि पोटाच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड-ब्लॉक फेरतपासणीसाठी घेतात. पुण्यातही अनुभवी माणसं आहेत. त्यांना चार गोष्टी स्पष्ट लिहून मागा : खोल कडेपासून गाठ किती अंतरावर आहे, ती सबम्यूकोसाच्या (अस्तराखालच्या थराच्या) पुढे स्नायूत गेली आहे का, वाहिन्यांत शिरकाव आहे का, आणि केआय-६७ किती पेशींत मोजला.

रानजाई

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. आज त्यांनी भाकरी खाल्ली. खूप खूप आभार.

निशिगंध

इरफान खानबद्दल माझ्याही घरात हेच झालं होतं, म्हणून लिहिते. त्याने मार्च २०१८ मध्ये स्वतः जाहीर केलं की त्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आहे, आणि उपचारासाठी परदेशी गेला. २९ एप्रिल २०२० ला मुंबईत गेला, तेव्हा बातम्यांत आतड्याचा संसर्ग असं होतं. लोकांनी दोन्ही जोडून 'आतड्यातली न्यूरोएंडोक्राइन गाठ म्हणजे संपलं' असं करून टाकलं. एकाच नावाखाली फुप्फुस, स्वादुपिंड, जठर, लहान आतडं, गुदाशय सगळीकडच्या गाठी येतात आणि त्यांचं वागणं एकमेकींशी जुळत नाही. सासूबाईंना एवढं जरूर सांगा.

सह्यकडा

आता बसलो लिहायला.

स्लाइडवाल्यांनी गाठीचा स्वभाव सांगितला, मी काढण्याबद्दल सांगतो, कारण माझ्या मते या आजारात पहिल्यांदा कशी काढली याला जितकं महत्त्व आहे तितकं नंतरच्या कशालाही नाही.

साधा पॉलिप अस्तराच्या वरच्या थरातून उगवतो. त्याच्या मुळाशी फास आवळला की तो पूर्ण निघतो. एनईटी मात्र अस्तराच्या तळाशी सुरू होते आणि खाली सबम्यूकोसात उतरते. चादरीखाली हरभरा असावा तशी ती वरून फक्त फुगवटा दाखवते. चादर चिमटीत धरून कापली तर हरभऱ्याचा खालचा भाग मागे राहू शकतो. म्हणून साध्या फासाने काढलेल्या गाठींच्या खोल कडेवर पेशी दिसणं फार सर्रास आहे. तुमच्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला असं यातून निघत नाही. छोटा फुगवटा पाहून पॉलिप वाटणं स्वाभाविक आहे. पण पिवळसर रंग, गुळगुळीत पृष्ठभाग, चिमट्याने दाबल्यावर घट्ट लागणं आणि जागा गुदाशयात, हे सगळं जुळलं की फास लावण्याआधी थांबावं असं आम्ही ज्युनिअरना शिकवतो. फोटो घ्यावा, जमल्यास एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने खोली बघावी आणि मग त्यासाठीची पद्धत वापरावी.

पद्धती अशा. एकीत गाठीवर रबरी बँड बसवून ती वर ओढतात आणि बँडच्या खालून कापतात, म्हणजे सबम्यूकोसाही सोबत येतो. याला बँड लावून केलेलं ईएमआर म्हणतात. दुसरी ईएसडी. खाली द्रव सोडून थर उचलायचा आणि छोट्या सुरीने सबम्यूकोसाच्या पातळीवर गाठ अख्खी सोलून काढायची. वेळ लागतो, हात बसलेला लागतो, पण महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत ती करणारे आता आहेत. तिसरी पद्धत शल्यचिकित्सकांची, गुदद्वारातून दुर्बिणीने भिंतीची पूर्ण जाडी कापून टाके घालतात. पोट उघडावं लागत नाही.

तुमच्याकडे पहिली संधी होऊन गेली आहे. आता फेरवाचनात कड खरोखर बाधित निघाली तर व्रणाची जागा पुन्हा बघायची. व्रण बारीक असतो आणि काही महिन्यांत भरून असा बेमालूम होतो की शोधूनही सापडत नाही. म्हणून सहा महिने थांबण्यापेक्षा मी तुम्हाला लवकर जायला सांगेन. पहिल्या कोलोनोस्कोपीचे फोटो, गाठ भिंतीच्या कोणत्या बाजूला होती याची नोंद, हे सोबत न्या. व्रण सापडला की अल्ट्रासाउंड करून, गरज वाटल्यास तो व्रणच वर सांगितलेल्या एखाद्या पद्धतीने काढून टाकतात. कितीतरी जणांच्या त्या तुकड्यात एकही पेशी सापडत नाही, कारण उरल्यासुरल्या विजेने जळून गेलेल्या असतात. काहींच्या सापडतात. आधी सांगता येत नाही.

पेट स्कॅनबद्दल. गॅलियम-६८ डोटाटेट हा स्कॅन उत्तम आहे, पण योग्य माणसासाठी. ६ मिमी, ग्रेड १, वाहिन्यांत शिरकाव नाही, अशा गाठीला तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी एक भाग निरोगी माणसातही चमकतो. मग 'स्वादुपिंडात काहीतरी आहे' अशी नवी भीती, नवा एमआरआय, नवा खर्च. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे आतड्यातली गाठ केव्हाच निघून गेलेली असते आणि माणूस वर्षभर स्वादुपिंडाच्या मागे फिरत असतो.

आणि एकदा कड मोकळी मिळाली की १ सेमीच्या आतल्या ग्रेड १ गाठीसाठी अमेरिकेची आणि युरोपची दोन्हीकडची मार्गदर्शक तत्त्वं वेगळ्या पाठपुराव्याची गरज नाही असंच म्हणतात. वयाप्रमाणे नेहमीची कोलोनोस्कोपी, एवढंच. १ ते २ सेमीच्या गाठीला मात्र सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा बघतात.

आजोळ

माझ्या आत्याला पोटाच्या त्रासात गव्हांकुराचा रस आणि हळद-दुधाने फार गुण आला. सोबत देऊन बघायला हरकत नसावी.

सह्यकडा

आजोळ, तुमची आपुलकी कळते. हळद-दूध रोजच्या आहारातलं आहे, आवडत असेल तर घ्यावं. पण ही गाठ कोणत्या पदार्थाने होते किंवा विरघळते असं काही माहीत नाही, त्यामुळे तिखट बंद, वांगं बंद असं पथ्य घरात लावू नका. पुन्हा काही काढायचं ठरलं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, ते आधी डॉक्टरांना सांगा. ॲस्पिरिनसुद्धा.

विमासखी

इन्शुरन्समध्ये काम करते म्हणून एक सूचना. साध्या मेडिक्लेममध्ये कोलोनोस्कोपी आणि गाठ काढणं पॉलिसीच्या अटींप्रमाणे बसतं. पण 'क्रिटिकल इलनेस' पॉलिसी असेल तर तिच्यातली कर्करोगाची व्याख्या आयआरडीएआयने (विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने) ठरवून दिलेली आहे. तिच्यात बिनाइन, बॉर्डरलाइन आणि 'लो मॅलिग्नंट पोटेन्शिअल' असं वर्णन असलेल्या गाठी वगळल्या आहेत. म्हणून रिपोर्टमधले शब्द क्लेमच्या वेळी अक्षरशः वाचले जातात. डॉक्टरांकडून कोणतेही शब्द बदलून घेऊ नका, जे आहे तेच राहू द्या. आणि पुढे नवी पॉलिसी घेताना हा रिपोर्ट लपवू नका. लपवलेली गोष्ट उघड झाली की दुसऱ्याच आजाराचा क्लेमही अडकतो.

कृष्णाकाठ (सांगली)

माझ्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, २३ वर्षांची आहे. पोटात दुखत होतं म्हणून काढलं आणि टोकाला ८ मिमीची एनईटी निघाली. आमच्याकडं एका डॉक्टरांनी उजवीकडचं निम्मं मोठं आतडं काढायला पाहिजे म्हणून सांगितलंय. लग्नाचं बघायला लागलोय तिचं. काय करावं कळंना.

सह्यकडा

कृष्णाकाठ, घाई करू नका. अपेंडिक्सच्या टोकाची, १ सेमीच्या आतली, पूर्ण निघालेली गाठ असेल तर अपेंडिक्स काढणं हाच पूर्ण उपचार. १ ते २ सेमीच्या गाठींबद्दल खूप वर्षं वाद होता. २०२३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत युरोपभरातल्या २७८ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात त्या आकारालाही आतडं काढून जगण्यात काही फायदा दिसला नाही. २ सेमीच्या वर गेली तर गोष्ट वेगळी. ८ मिमीला निम्मं आतडं काढण्याआधी रिपोर्ट घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाला भेटाच. गाठ टोकाला होती की बुंध्याशी, आणि बुंध्याची कड मोकळी आहे का, एवढं रिपोर्टमध्ये बघा. मुलीच्या लग्नात, मुलंबाळं होण्यात या गाठीमुळे काही अडचण नाही.

कृष्णाकाठ

टोकाला म्हणूनच लिहिलंय, आणि बुंधा मोकळा. देव भलं करो डॉक्टर तुमचं.

पारिजात८

मुलांना होऊ शकते का ही? रानजाईंना विचारायचं सुचलं नसेल, माझ्या मनात आलं.

स्लाइडवाला

गुदाशयातल्या गाठी जवळजवळ नेहमी सुट्या, एकट्या माणसात होणाऱ्या असतात. काही आनुवंशिक आजारांत एनईटी होतात, पण त्या मुख्यतः स्वादुपिंड, जठर, फुप्फुस या बाजूच्या. फक्त या कारणासाठी मुलांची तपासणी करायला नको. पूर्वी इतक्या गाठी दिसत नव्हत्या आणि आता दिसतात, याचं मोठं कारण कोलोनोस्कोपी वाढल्या हे आहे. जपान, कोरियात तपासण्या भरपूर होतात आणि तिथे गुदाशयातल्या एनईटीही भरपूर सापडतात.

रानजाई

अपडेट देते. ब्लॉक आणि स्लाइड मिळाल्या, लॅबने काही खळखळ केली नाही. फेरवाचन झालं : ग्रेड १ कायम, केआय-६७ एक टक्क्याच्या आत, गाठ सबम्यूकोसातच, वाहिन्या मोकळ्या. कडेबद्दल लिहिलंय की पेशी भाजलेल्या पट्ट्यापर्यंत आहेत, खरी कड ठरवता येत नाही. नव्या डॉक्टरांनी पेट स्कॅन नको म्हटलं. पुढच्या आठवड्यात अल्ट्रासाउंडची दुर्बीण आहे, व्रण दिसला तर त्याच वेळी बँड लावून काढणार आहेत. पहिल्या डॉक्टरांनी फोटो लगेच पाठवून दिले.

तळजाई

छान झालं ग. झालं की कळव.

माळरान (नागपूर)

हा धागा वाचून माझ्या काकांबद्दल विचारतो. वय ६४. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, सीकममध्ये, अडीच सेमीची एनईटी आहे, बायोप्सीत ग्रेड २. चेहरा अधूनमधून लाल होतो आणि जुलाब होतात. त्यांनाही दुर्बिणीतून काढून मोकळं होता येईल का? ते ऑपरेशनला तयार नाहीत.

सह्यकडा

माळरान, काकांचा आजार या धाग्यातल्या गाठीपेक्षा बराच वेगळा आहे, आणि वर मी 'स्कॅन नको' म्हटलेलं त्यांना अजिबात लावू नका.

सीकममधल्या गाठी सेरोटोनिन बनवू शकतात. गुदाशयातल्या सहसा बनवत नाहीत. ते सेरोटोनिन यकृतात गेलं की यकृत त्याला निष्प्रभ करतं, म्हणून चेहरा लाल होणं आणि जुलाब ही दोन्ही लक्षणं खरोखर गाठीमुळे असतील तर यकृतात काही गेलंय का, हे आधी बघावं लागतं. त्यांना डोटाटेट पेट स्कॅन हवा, पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी हवा आणि २४ तासांच्या लघवीत ५-एचआयएए (सेरोटोनिनपासून बनणारा पदार्थ) हवं. त्या तपासणीआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद ठेवायचे, नाहीतर आकडा खोटा वाढतो. तो खरोखर वाढलेला असेल तर हृदयाचा टू-डी इकोही, कारण सेरोटोनिन उजव्या बाजूच्या झडपा जाड करतं.

पसरलेलं नसेल तर अडीच सेमीला उजवीकडचं आतडं लिम्फ नोडसकट काढणं हाच उपचार आहे. दुर्बिणीने भागणार नाही, हे काकांना कोणीतरी समोर बसून सांगायला हवं. आणि पसरलेलं असलं तरी हातपाय गाळू नका. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची इंजेक्शनं आहेत, ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाची उपचारपद्धत आहे. ते ल्युटेशियम आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळला टाटाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं जे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे हा उपचार मिळतो.

काकांचा पूर्ण रिपोर्ट नाव झाकून वेगळ्या धाग्यात टाका. त्यांना ऑक्ट्रिओटाइड आधीच सुरू केलं असेल तर शेवटच्या इंजेक्शनची तारीखही लिहा, स्कॅनची वेळ त्यावर ठरवतात.